अपील केले तर शिक्षा वाढते, हे खरे आहे का?

खोट्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर पासपोर्ट काढल्याबद्दल भावाला तीन वर्षांचा कारावास झाला, तो फार वाटतो, पण शिक्षा वाढेल या भीतीने घरचे अपील नको म्हणतात, असे आपण लिहिले आहे. अपील अवश्य करावे. घरच्यांची ही भीती निराधार आहे.

आमच्या चुलतभावाच्या खटल्यात काकांनी हाच धोशा लावला होता. जन्मतारीख बदललेला दाखला ज्या एजंटाने पैसे घेऊन करून दिला, त्याला एक वर्ष आणि चुलतभावाला तीन वर्षे झाली. तीन वर्षे म्हणजे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना देता येते तेवढी सगळी शिक्षा. निकालपत्रात तिच्याविषयी एवढेच होते: ‘आरोपीस शिक्षेबाबत ऐकले. तो दया करावी म्हणतो.’ पहिलाच गुन्हा, कोवळे वय, त्याच्यावर अवलंबून असलेली आई, यांचा उल्लेख नव्हता आणि एजंटापेक्षा त्याला जास्त का, याचे कारणही नव्हते. आमच्या वकिलांनी नेमके यावरच बोट ठेवले. सत्र न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवली, पण शिक्षा एक वर्षावर आणली, आणि खटला चालू असताना भोगलेली कैद त्यातून वजा झाली.

काका अजूनही याला नशीब म्हणतात. आरोपीच्या स्वतःच्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही, हे पूर्वी दंड प्रक्रिया संहितेच्या कलम 386 मध्ये होते आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 427 मध्ये आहे. यात नशिबाचा संबंध येतो कुठे? अभिनेत्री मोनिका बेदी यांच्या बनावट पासपोर्टच्या खटल्यात पाच वर्षांची शिक्षा उच्च न्यायालयाने तीन वर्षांवर आणली आणि 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, दोष कायम ठेवून, भोगलेली कैद पुरेशी मानली.

अर्थात सरकार शिक्षावाढीसाठी स्वतंत्र अपील करू शकते आणि उच्च न्यायालयही नोटीस देऊन शिक्षा वाढवू शकते; पण आपण गप्प बसल्याने यांपैकी काहीच टळत नाही. भावाने गुन्हा कबूल केला असेल, तर अपील फक्त शिक्षेचे प्रमाण आणि कायदेशीरपणा यांपुरते चालेल. सत्र न्यायालयात अपिलाची मुदत 30 दिवसांची आहे, निकालाची नक्कल मिळण्यात गेलेले दिवस त्यात धरत नाहीत, आणि शिक्षेच्या स्थगितीचा व जामिनाचा अर्ज अपिलासोबतच द्यावा.