'अकलेच्या नावानं पूज्य', पण मग पूज्य म्हणजे नक्की काय?

प्रश्न असा आलाय, थोडक्यात सांगते. घरातल्या एका जुन्या पत्रात वाक्य सापडलं, "मुलगा दिसायला बरा, पण व्यवहारज्ञानाच्या नावाने पूज्य." विचारणाऱ्या ताई म्हणतात की पूज्य म्हणजे पूजा करण्याजोगा, आदरणीय, मग इथे अर्थ एकदम उलटा कसा झाला, पत्र लिहिणाऱ्याने टोमणा मारलाय का, आणि असं लिहिणं बरोबर आहे का?

तर ताई, टोमणा अजिबात नाहीये. तुमच्या पत्रातलं पूज्य हे विशेषणच नाही, ते नाम आहे आणि त्याचा सरळ अर्थ आहे शून्य. मुलाला व्यवहारज्ञान शून्य, एवढंच म्हणायचंय त्या माणसाला. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (१८५७ ची दुसरी आवृत्ती) पूज्य या शब्दाला हा शून्याचा अर्थ दिलेला आहे, म्हणजे शब्द चांगला जुना आणि रुळलेला आहे. फरक ओळखायला सोपं आहे, पूज्य गुरुजी, पूज्य आई असं कुणाच्या तरी आधी आलं की विशेषण, आणि एक पूज्य, दोन पूज्यं असं मोजता आलं की नाम, तेही नपुंसकलिंगी.

माझी आजी अंकांची उजळणी म्हणायची तेव्हा "एकावर पूज्य दहा, एकावर एक अकरा, एकावर दोन बारा" अशीच म्हणायची, आणि वीस आलं की "दोहोंवर पूज्य वीस". मी शाळेत "एकावर शून्य दहा" शिकलेली, त्यामुळे लहानपणी मला वाटायचं की आजी दहाला नमस्कार करतेय. पाटीवर एक काढायची, शेजारी पेन्सिल टेकवून छोटासा गोल, आणि गोल पूर्ण होईपर्यंत "पूऽऽज्य" लांबवत राहायची. लाख कसा लिहायचा तर "एकावर पाच पूज्यं". तिच्या तोंडी शून्य हा शब्द आकड्यासाठी मी कधीच ऐकला नाही.

आता मुख्य गंमत, शून्याला पूज्य का म्हणायचं. कारण शून्य हा शब्द आपल्याकडे नुसता आकडा कधीच नव्हता. शून्य म्हणजे रिकामं, ओसाड, काही न उरलेलं. याच शून्यचं प्राकृतात सुण्ण झालं आणि मराठीत त्याचं सुनं झालं, "घर सुनं सुनं वाटतं" मधलं सुनं ते हेच. डोकं सुन्न होतं त्यातलं सुन्न पण याच घराण्यातलं. आता विचार करा, हिशोबाच्या वहीत, पोराच्या पाटीवर, रोज सकाळ संध्याकाळ हा शब्द तोंडातून काढायचा म्हणजे रोज "सुनं, सुनं" म्हणायचं. आणि वास्तू तथास्तु म्हणत असते असं मानणारी आपली माणसं, ती कशी म्हणतील! मग त्या जागी एकदम दुसऱ्या टोकाचा, मंगल, हात जोडण्यासारखा शब्द आणून बसवला. पूज्य.

ही पद्धत मराठीत इतकी मुरलेली आहे की आपल्याला ती दिसतच नाही. बांगडी फुटत नाही, ती वाढवते. मंगळसूत्र तुटत नाही, वाढवतं. नारळ फोडतो पण म्हणतो नारळ वाढवला. दिवा विझवायचा नाही, शांत करायचा किंवा वाढवायचा, जुने दुकानदार संध्याकाळी दुकान बंद करत नसत, वाढवत असत. घरातून निघताना "जातो" म्हटलं की म्हातारी माणसं अजून रागावतात, "येतो म्हण". रात्री सापाचं नाव घ्यायचं नाही, जनावर म्हणायचं, लांबडं म्हणायचं.

वाढवणे बद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकते कारण कोणी ना कोणी विचारणारच. संस्कृतात वर्धन या शब्दाला वाढ हा अर्थ आहे तसाच कापणे हा पण अर्थ आहे, मनुस्मृतीत बाळाची नाळ कापण्याला नाभिवर्धन म्हटलंय, आणि हिंदीतला बढई म्हणजे सुतार हा वर्धकि या शब्दावरून आला. म्हणून काही जण म्हणतात की बांगडी वाढवणे यात शुभ-अशुभ काही नाही, तो कापण्याचाच जुना अर्थ आहे. मला हे पटत नाही. बांगडीपुरतं, नारळापुरतं चालेल एकवेळ, पण दिवा आणि दुकान यात कापायचं काय आहे? तिथे संपणं हा शब्द टाळायचाय हेच खरं कारण.

आणि हे अडाणीपणाचं वगैरे लक्षण समजू नका, आपल्या संस्कृत काव्यशास्त्रात अश्लील या दोषाचे तीन प्रकार सांगितलेत, एक लाज वाटायला लावणारं, दुसरं किळस आणणारं आणि तिसरं अमंगल सुचवणारं. म्हणजे आज आपण अश्लील म्हटलं की फक्त पहिलाच प्रकार डोळ्यासमोर येतो, पण त्या पंडितांच्या लेखी चुकून मरणाची आठवण करून देणारा शब्द वापरणं पण अश्लीलच होतं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा कितीतरी वेळ मी त्याच पानावर थांबले होते.

आकाशातला मंगळ घ्या. लालभडक दिसणारा, पत्रिकेत ज्याच्या नावाने लग्नं मोडतात असा ग्रह, आणि त्याचं नाव मंगळ! त्याचं दुसरं नाव अंगारक, म्हणजे निखारा, ते रंगाला धरून आहे. पण रोजच्या वापरात मंगलच टिकलं. रोगांचं पण तेच. ज्या रोगाने गावंच्या गावं ओस पडायची, वाचलेल्यांचे डोळे जायचे, त्याचं नाव देवी. देवी आल्या, देवी टोचल्या, तोंडावर देवीचे व्रण. या रोगाची भारतातली पहिली लस १४ जून १८०२ ला मुंबईत, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली, आणि १९८० च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग जगातून संपल्याचं जाहीर केलं. रोग गेला, पण ज्यांच्या दंडावर लशीचा गोल वण आहे ती माणसं अजून त्याला देवीच म्हणतात, दुसरं नाव त्यांच्या तोंडी येतच नाही.

बाहेरच्या जगात पण हेच चाललेलं दिसतं. काळ्या समुद्राला ग्रीक लोक आधी आक्सेनॉस म्हणायचे, म्हणजे पाहुण्याला थारा न देणारा, नंतर त्याचंच युक्सेनॉस केलं, पाहुण्यांचं स्वागत करणारा. समुद्र तोच, वादळं तीच. अस्वलाची गोष्ट तर मला सगळ्यात आवडते. अस्वलाला संस्कृतात ऋक्ष, ग्रीकमध्ये आर्क्टोस, दोन्ही एकाच मूळ शब्दाची रूपं (उत्तर ध्रुवाकडच्या भागाला आर्क्टिक म्हणतात ते याच अस्वलावरून, तिकडच्या आकाशात अस्वलाचं नक्षत्र दिसतं म्हणून). पण जिथे अस्वलं खरोखर दारात यायची त्या उत्तरेकडच्या भाषांमधून हा मूळ शब्दच गायब आहे. रशियनमध्ये अस्वल म्हणजे मेदवेद, त्याचा अर्थ मध खाणारा. इंग्रजीतल्या बेअरचा अर्थ बहुतेक अभ्यासक तपकिरी असा लावतात. नाव घेतलं तर येईल म्हणून नावच टाकून दिलं, आपल्या लांबड्यासारखंच की. फरक एवढाच की आपल्याकडे साप हा शब्द दिवसा तरी शिल्लक राहिला.

परत शून्याकडे येते कारण त्याचा प्रवास या सगळ्याहून वेगळा आहे. सुरुवातीला शून्य गोल नव्हतं, टिंब होतं. १८८१ साली पेशावरजवळच्या बख्शाली गावात शेत खणताना भूर्जपत्रावरचं एक जुनं गणिताचं हस्तलिखित सापडलं, त्यात शून्याच्या जागी ठसठशीत टिंब आहे. सुबंधू नावाच्या जुन्या संस्कृत गद्यकवीने तर रात्रीच्या आकाशातल्या चांदण्यांना शून्यबिंदू म्हटलंय, विधाता विश्वाचा हिशोब मांडतोय, चंद्राचा खडू आहे आणि चांदण्या म्हणजे त्याने मांडलेली शून्यं. काळ्या पाटीवर पांढरी टिंबं, डोळ्यासमोर आणून बघा. गोल शून्याचं म्हणाल तर ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरच्या देवळात इसवी सन ८७६ च्या शिलालेखात २७० आणि ५० हे आकडे कोरलेले आहेत आणि तिथलं शून्य आजच्यासारखंच छोटा गोल आहे.

इथून हा आकडा अरबांकडे गेला. त्यांनी शून्य या शब्दाचं सरळ भाषांतर केलं, सिफर, म्हणजे रिकामं. १२०२ मध्ये इटलीतल्या पिसाच्या फिबोनाचीने आपल्या हिशोबाच्या ग्रंथात त्याचं लॅटिन करून झेफिरुम लिहिलं, ते झिजत झिजत झीरो झालं. त्याच सिफरचं दुसऱ्या वाटेने सायफर झालं, आणि युरोपात या नव्या आकड्यांचं लोकांना इतकं गूढ वाटायचं की सायफर म्हणजे गुप्तलिपी असाही अर्थ त्याला चिकटला. म्हणजे आज आपण पोराला "झीरो मार्क पडले" म्हणतो तेव्हा शून्य हाच शब्द अरबस्तान आणि इटली फिरून घरी आलेला असतो. सगळ्यांनी रिकामं हा अर्थ जसाच्या तसा उचलला, मराठी माणसाने मात्र त्याच्या जागी पूज्य आणून बसवलं, आणि मला या गोष्टीचं खरंच खूप कौतुक वाटतं.

अजून एक, शून्य हा शब्द ज्या धातूवरून आला तो श्वि, अर्थ फुगणे, सुजणे. आयुर्वेदात सुजेला शोथ म्हणतात तोही त्याच धातूचा. फुगलेली वस्तू आतून पोकळ असते म्हणून फुगण्यापासून पोकळ आणि पोकळपासून रिकामं. आणि संस्कृत गणितात आकड्यांऐवजी शब्द वापरायची पद्धत होती, डोळे म्हणजे दोन, वेद म्हणजे चार अशी, त्यात शून्यासाठी आकाश, अंबर, ख, बिंदू यांच्या जोडीला पूर्ण हाही शब्द चालायचा. रिकाम्याला पूर्ण म्हणायची सवय होतीच म्हणजे, पूज्य काही आकाशातून पडलं नाही.

मग तुमच्या पत्रातला उलटा अर्थ का वाटतो? तर झाकायला घातलेल्या शब्दाला झाकलेल्या गोष्टीचा वास लागतोच. शून्य नको म्हणून पूज्य आणलं, पण दोनशे वर्षं "शिल्लक पूज्य, अक्कल पूज्य, पाऊस पूज्य" असं म्हणत राहिल्यावर पूज्यचाच अर्थ काही नाही असा होऊन बसला, त्यातला नमस्कार निघून गेला. वाढवणे बाबत पण हेच झालंय, "बांगडी वाढवली" ऐकल्यावर आनंद कुणालाच होत नाही, काच गोळा करायला धावतात. परीक्षेतला भोपळा मात्र यातला नाही हं, तो निव्वळ आकारावरून आलाय, जसं क्रिकेटमधलं डक हे बदकाच्या अंड्याच्या आकारावरून आलं. भोपळा म्हणताना कुणी घाबरत नव्हतं, शून्य म्हणताना घाबरत होतं.

लिहिताना बिनधास्त वापरा, पूर्ण बरोबर आहे, फक्त "च्या नावाने पूज्य" किंवा "अगदीच पूज्य" अशी रचना ठेवा म्हणजे वाचणाऱ्याचा गोंधळ होणार नाही. "त्याचं व्यवहारज्ञान पूज्य आहे" असं लिहिलंत तर आजचा वाचक त्या मुलाच्या पाया पडायला निघेल. आणि पू दीर्घ, पुज्य असं ऱ्हस्व लिहिलेलं बऱ्याच ठिकाणी दिसतं ते चूक आहे, आकड्यासाठी असो की गुरुजींसाठी असो, शब्द एकच आहे आणि तो पूजा वरूनच आलाय. जमलं तर त्या पत्राच्या बाकीच्या पानांवर देण्याघेण्याचा हिशोब आहे का तेही बघा, असेल तर बाकी संपलेल्या रकमेपुढे काय लिहिलंय ते मला नक्की कळवा.