मनोऱ्यावर पुन्हा जाताना

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

सुट्टीत मित्रमंडळी गावी येणार, सगळ्यांना तो मनोरा बघायचाय, आणि मागच्या वेळी अर्ध्या जिन्यातून परतलेला तू या वेळी ‘एकदाचं वर जाऊन दाखवायचं’ म्हणतोस. जा, नक्की जा. फक्त त्यातलं ‘दाखवायचं’ तेवढं काढून टाक. धापा टाकत वर जायचं, डोळे मिटून फोटोपुरतं उभं राहायचं आणि पळत खाली यायचं, याने भीती हलत नाही. मेंदू त्यातून एवढंच शिकतो की पळालो म्हणून वाचलो. भीती उतरते ती उंचीवर थांबल्याने. म्हणून या फेरीचा हिशेब पायऱ्यांत धरू नकोस, मिनिटांत धर. अर्ध्या वाटेवरच्या खिडकीशी वीस मिनिटं शांत उभा राहून परत आलास, तरी शिखरावरच्या तीस सेकंदांपेक्षा ती फेरी मोलाची.

वर गेल्यावर अंगात काय होतं ते आधी समजून घे, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. आपण सरळ उभे असतो तेव्हाही शरीर सतत किंचित डुलत असतं. डोळे, आतला कान आणि तळपाय-सांध्यांतली जाणीव हे तिघं मिळून तो तोल सावरतात. जमिनीवर जवळची भिंत किंवा झाड नजरेत असतं, त्यामुळे शरीर बोटभर कललं तरी डोळ्यांना लगेच कळतं. उंचावर समोरची सगळ्यात जवळची वस्तूच कित्येक मीटर दूर असते. तिथून बोटभर कलण्याने दृश्यात फरकच दिसत नाही, डोळ्यांची खबर थांबते, डुलणं वाढतं आणि पाय लटपटल्यासारखे वाटतात. थॉमस ब्रांट या जर्मन मेंदूतज्ज्ञांनी १९८०च्या सुमारास हे प्रयोगांतून मांडलं. त्यांच्याच गटाच्या नंतरच्या पाहणीत सुमारे २८ टक्के प्रौढांनी उंचीवर आयुष्यात कधी ना कधी असा त्रास झाल्याचं सांगितलं. थोडं लटपटणं हा शरीराचा स्वभाव आहे. तुझ्याकडे त्यावर भीतीचा थर जास्त चढतो, इतकंच.

उपायही यातूनच निघतो. वर पोचलास की कठड्याकडे धाव घेऊ नकोस. पाठीमागे भिंत राहील असा उभा राहा, पाय खांद्यांइतके फाकव, गुडघे किंचित सैल सोड. भिंतीला बोटांची टोकं नुसती टेकव. घट्ट धरण्याची गरज नाही, हलका स्पर्शसुद्धा डुलणं कमी करतो. नजर दूर टाकलीस तरी डोळ्याच्या कडेला कठड्याचा खांब किंवा भिंतीची कड राहू दे. मान मागे टाकून धावते ढग पाहू नकोस. दुर्बीण आणि मोबाइलचा कॅमेराही सुरुवातीला बाजूला ठेव, कारण त्यात जवळचं काही दिसत नाही. घाबरलेला माणूस मान ताठ करून एकाच बिंदूकडे खिळून पाहतो आणि पायाचे स्नायू आवळून धरतो. त्याने तोल अधिकच बिघडतो. मान सावकाश डावी-उजवीकडे फिरवत राहा. फारच झालं तर सरळ खाली बस, बसल्यावर डुलणं लगेच कमी होतं.

बोटांना मुंग्या आल्या, डोकं हलकं वाटलं, तर बहुधा तू भराभर श्वास घेतो आहेस. रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरला की मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, त्याचा हा परिणाम. चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, आणि खोल ओढण्याचा अट्टहास नको. आपण इथेच बेशुद्ध पडू, ही धास्तीही सोड. उंचीच्या भीतीत नाडी आणि रक्तदाब वाढतात. भोवळ येऊन पडण्याचा प्रकार मुख्यतः रक्त किंवा सुई पाहून घाबरणाऱ्यांत दिसतो, कारण त्यांचा रक्तदाब एकदम उतरतो.

एक गोष्ट लोक लाजेपोटी बोलत नाहीत. कठड्याशी उभं असताना ‘आपण उडी तर मारणार नाही ना’ असा विचार चमकून जातो. २०१२मध्ये अमेरिकेत विद्यार्थ्यांवर झालेल्या एका अभ्यासात, आत्महत्येचा विचार कधीही न आलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी असा क्षण अनुभवल्याचं सांगितलं. आला तर येऊ दे, दोन पावलं मागे हो, तो जातो. पण असे विचार घरी, जमिनीवरही येत असतील, तर मनोरा राहू दे. त्याच दिवशी घरातल्या कुणाशी आणि डॉक्टरांशी बोल.

आता तयारी. जायला अजून दोन आठवडे आहेत, ते वापर. दुसऱ्या मजल्याच्या जिन्याची खिडकी, मग रस्त्यावरचा पादचारी पूल, मग कंबरेच्या वर कठडा असलेली गच्ची. भीतीला शून्य ते शंभर असा आकडा द्यायचा. ही मोजपट्टी जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञांनी रूढ केली आणि आजही उपचारांत वापरतात. साठच्या आसपास आकडा येईल अशी जागा निवड आणि तो निम्म्यावर येईपर्यंत हलू नकोस. कधी पाच मिनिटं लागतील, कधी अर्धा तास. ऐंशीच्या वर गेलास तर एक टप्पा खाली ये, पण पायथ्यापर्यंत पळू नकोस. सरावाच्या नावाखाली कठड्यावर बसणं, कठडा नसलेल्या कडेला जाणं हे मात्र कधीही नाही. तिथली भीती खरी आहे आणि ती ऐकायची असते.

मित्रांना आधीच सांग, जिन्यात अडकल्यावर नको. सगळ्यांना नाही जमलं तर निदान एकाला. त्याचं काम छोटं आहे: मधूनमधून ‘आकडा किती?’ विचारायचं आणि मिळालेलं उत्तर मान्य करायचं. ‘काही होत नाही रे’ म्हणायचं नाही, मागून खांद्यावर हात मारायचा नाही, व्हिडिओ काढायचा नाही. बाकीच्यांना खुशाल पुढे जाऊ दे. तुझ्यासाठी सगळे खोळंबलेत असं वाटलं की तू थांबायच्या जागी घाई करशील. म्हणूनच सुट्टीच्या दिवशी दुपारी न जाता आडवारी दार उघडताच जा. रेटा नसला तरच जिन्यात हवं तिथे थांबता येतं. चढायचा आणि उतरायचा जिना एकच आहे का, मध्ये टेकायला जागा कुठे आहे, हे आधी विचारून ठेव. पोट रिकामं नको, कॉफीही नको, ती धडधड वाढवते. धीर यावा म्हणून मद्य किंवा कुणाची तरी झोपेची गोळी, हे तर अजिबात नाही. तोल बिघडतो आणि मेंदूने जे शिकायचं तेही पुसट होतं.

चढण्याची भीती सगळे धरतात, पण खरा कस उतरताना लागतो. गोल जिन्याची पायरी मधल्या खांबाकडे निमुळती आणि बाहेरच्या भिंतीकडे रुंद असते. बाहेरच्या बाजूने उतर, अख्खं पाऊल पायरीवर टेकव, एक हात भिंतीला, नजर दोन-तीन पायऱ्या पुढे. वरून येणाऱ्याला वाट द्यायची वेळ आली तरी रुंद बाजू सोडू नकोस, थांब आणि त्याला आतून जाऊ दे. सोबतचा मित्र तुझ्या एक-दोन पायऱ्या पुढे असावा, म्हणजे समोरची पोकळी दिसत नाही आणि डोळ्यांना जवळचा आधारही मिळतो.

जर्मन कवी गटे यांनाही उंचीचा हा त्रास होता. १७७०-७१मध्ये स्ट्रासबर्गला कायदा शिकत असताना ते तिथल्या कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर एकटे चढत, वरच्या आडोशाला पाव तास बसत आणि मगच उघड्यावर येत. त्रास नाहीसा होईपर्यंत त्यांनी हे पुन्हा पुन्हा केलं. त्यांची उघड्यावर उभं राहण्याची जागा तू घेऊ नकोस, त्यांचा पाव तास घे आणि पुन्हा जाणं घे. एका फेरीत उतरलेली भीती काही आठवड्यांत थोडी परत येते, आणि दुसरी फेरी लवकर झाली की कमी येते. मित्र जायच्या आधी आणखी एक सकाळ राखून ठेव. त्या वेळी एक कुबडी काढ: पहिल्यांदा मित्राचा दंड धरला असशील तर आता फक्त भिंत, भिंत धरली असशील तर एक मिनिट हात मोकळे.

तुला उंचीवर लटपटल्यासारखं, डुलल्यासारखं होतं की आजूबाजूचं सगळं गरगर फिरतं, हे मात्र मला लिहून कळव. सपाट जमिनीवर किंवा अंथरुणात कूस बदलतानाही गरगरत असेल, तर ते कानाच्या डॉक्टरांचं काम आहे, आणि मनोऱ्याआधी ते दाखवून घ्यायला हवं.