चालत्या बाइकचा मागचा टायर अचानक बसला, गाडी लटपटली. आता वेग ४० च्या पुढे गेला की हात थरथरतात. काय करू?

आधी टायरचा सोक्षमोक्ष लावा, मग मोकळ्या मैदानात थांबण्याचा सराव करा. गाडीवर भरवसा नसेल तर हँडलवरची पकड सैल होतच नाही, हे टायरच्या दुकानात रोज बघतो. टायरच्या कडेवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा. एवढा जुना, भेगाळलेला टायर नक्षी शिल्लक असली तरी बदलाच. तुमच्या रिमवर चालत असेल तर ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेला टायर घ्या. खिळा घुसला तरी हवा बहुधा हळूहळू जाते. मैदानात मागचा टायर बसलाय असं समजून ३० च्या वेगाने थ्रॉटल (रेस) सोडा, हँडल सरळ धरा, मागचा ब्रेक न लावता पुढचा हलकेच दाबून थांबा. हे अंगवळणी पडेपर्यंत करा. मात्र नवा टायर पहिले शंभरेक किलोमीटर निसरडा असतो, तोवर वळणावर गाडी फार झुकवू नका.