वर डाग नाही, आत थर सुटलेले

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत माझी छोटी फाउंड्री आहे. कास्टिंगवर हातोडी मारून नुसत्या आवाजावरून चीर ओळखणारे जुने कामगार आमच्याकडे आहेत. आता विमानं कार्बन फायबरची होतात म्हणे. त्यांना मार बसला तर आतलं कसं कळतं?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या कामगारांचा कान आमच्याकडेही चालतो. पंचवीस वर्षं मी विमानांच्या देखभालीत तपासनीस होतो. नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा हातात आलं ते नाणं! पातळ कवचावर ते वाजवत जायचं. खणखणीत आवाज मध्येच भद्द झाला, की तिथे खडूनं खूण. जाड भागात मात्र कान पुरत नाही. तिथे जेल लावून अल्ट्रासॉनिक प्रोब, म्हणजे कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरी सोडणारं उपकरण, फिरवतात. हे भाग एकमेकांना चिकटवलेल्या थरांचे असतात. आत थर सुटला असेल तर मागच्या पृष्ठभागावरून यायचा प्रतिध्वनी त्या सुटलेल्या जागेवरूनच, आधीच परततो.

बोइंग ७८७च्या वजनात जवळपास निम्मा वाटा कंपोझिटचा, म्हणजे कार्बन फायबरसारख्या धागे आणि रेझिनच्या साहित्याचा आहे. उजळाईवाडीच्या विमानतळावर तुम्ही पाहिलं असेल त्या एटीआर-७२ या छोट्या विमानाच्या पंखांचा बाहेरचा भागही कार्बन फायबरचाच. ॲल्युमिनियमला मार बसला की पोचा राहतो. कार्बन फायबर दबून परत वर येतं, आणि आत थर एकमेकांपासून सुटतात, बहुधा वरच्यापेक्षा खालच्या बाजूला जास्त पसरून. ताणात असा भाग बराच तग धरतो, दाबात मार खातो. उसाची करकचून बांधलेली मोळी वजन पेलते. बंध सुटला की एकेक ऊस वाकतो, तसंच हे.

डोळ्यांना जेमतेम दिसणारी इजा असली तरी पूर्ण भार सोसेल, अशीच रचना करतात. म्हणून प्रवाशांनी घाबरू नये. मला काळजी वाटायची ती सामानाच्या गाड्यांची. रबरी बंपर टेकतो, वर ओरखडाही नाही, पण आतली चौकट तडकलेली असू शकते.

एकदा एका शिकाऊ पोराच्या हातून पंखावर पाना पडला. वर काहीच दिसत नव्हतं. तरी तो धावत आला, "सर, इथंच पडला," म्हणत बोट ठेवून उभा राहिला. प्रोब फिरवला, तर तळहाताएवढ्या भागात थर सुटलेले. त्यानं जागा दाखवली नसती, तर एवढ्या मोठ्या पंखावर मी नेमका तिथे प्रोब कशाला ठेवला असता? त्या दिवशी वरिष्ठ त्याच्यावर ओरडले, ते मला आजही खटकतं.