नवी घोडी चंदी खात नाही, आजारी आहे का हे घरी कसं ओळखायचं?

सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली घोडी कालपासून चंदीला, म्हणजे दाण्याच्या खुराकाला, तोंड लावत नाही आणि डॉक्टर 40 किलोमीटरवर आहेत, असं तुम्ही लिहिलंय. फोन आजच करा, पण त्याआधी दहा मिनिटं काढून आकडे कागदावर घ्या. डॉक्टर पहिले तेच विचारतील.

हात लावायच्या आधी श्वास मोजा. माणूस जवळ गेला की तो बदलतो. लांबूनच कुशीची वरखाली बघा. निवांत उभ्या घोडीचा मिनिटाला 8 ते 16.

मग नाडी. खालच्या जबड्याच्या आतल्या कडेवर बोटं फिरवा, हाडावरून दोरीसारखी शीर सरकते. अंगठा लावू नका, स्वतःचीच नाडी मोजाल. 15 सेकंद मोजून चौपट करा. 28 ते 44 ठीक. उभ्याउभ्या 60 च्या वर असेल तर लगेच डॉक्टर.

ताप गुदद्वारातून. थर्मामीटरला व्हॅसलीन लावा, दोरा बांधून हातात धरा आणि घोडीच्या बाजूला उभे राहा, मागे कधीच नाही. 99 ते 101 फॅरनहाइट नेहमीचा, 101.5 च्या वर ताप समजा.

ओठ उचलून हिरडी बघा. गुलाबी, ओलसर हवी. बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. विटेसारखी लाल किंवा निळसर दिसली तर थांबू नका.

आणि पोट. दोन्ही कुशींना कान लावा. गुडगुड ऐकू येते ती चांगली, भीती शांततेची. पौषातल्या एका रात्री आमची घोडी नुसती मान खाली घालून उभी होती. थंडीने गारठली असेल, असं सगळे म्हणाले. मी कान लावला तर आत काहीच नाही, नाडी 64, आणि त्या थंडीत कानामागे घाम. वडील बांबूच्या नळीने गोडेतेल पाजायला निघाले होते, मी हात धरला. पाजलेलं तेल फुप्फुसात जाऊ शकतं, आणि घोड्याला ओकता येत नाही. डॉक्टरांनी नाकातून नळी घातली, पहाटे तिने लीद टाकली. तेव्हा तुम्हीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही पाजू नका. वेदनेचं इंजेक्शनही नाही, त्याने लक्षणं झाकली जातात.

यात्रेतून आणलेली आहे म्हणून तिला बाकी जनावरांपासून वेगळी बांधा, पाण्याची बादलीही वेगळी. तापासोबत नाकातून घट्ट स्राव किंवा अंगावर गाठी दिसल्या तर हातमोज्यांशिवाय शिवू नका आणि सरकारी पशुवैद्यकांना कळवा. ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग असेल तर तो माणसालाही होतो.

बरी झाली की आठवडाभर सकाळी चंदीच्या आधी हेच सगळं मोजून तबेल्याच्या भिंतीवर खडूने लिहा. आमच्या घोडीची, काळीची, नाडी 32 असते. ती 44 झाली तर पुस्तकात चालेल, मी मात्र रात्रभर तिच्याजवळ बसतो.