रिगचा डेली रिपोर्ट मध्यरात्री बंद करायचा की सकाळी सहाला? आणि पाठवायचा कोणाकोणाला?

तुम्ही लिहिलंय की नोकरीला दोन महिने झालेत, तेलाची विहीर खोदणाऱ्या रिगवरून येणारा डेली रिपोर्ट तपासून पुढे पाठवायचं काम आहे, आणि ऑफिसात दोन तट पडलेत: एक म्हणतो रात्री बाराला बंद करा, दुसरा म्हणतो सकाळी सहाला. हेच काम मी पुण्यात बाणेरच्या ऑफिसात बसून सहा वर्षं केलं. तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग सोपा आहे. दुसऱ्यासाठी मात्र मला जरा मागे जावं लागेल.

पहिला भाग. ऑपरेटर, म्हणजे ज्याची विहीर आहे ती कंपनी, म्हणेल ती वेळ. आमच्याकडे ००:०० ते २४:०० हा मुख्य रिपोर्ट, आणि त्याखाली सकाळी सहापर्यंतचं अपडेट. काही ऑपरेटर सहा ते सहा चालवतात. दोन्ही चालतं, पण भेसळ चालत नाही. मडचा (खोदताना विहिरीत फिरवतात त्या चिखलाचा) रिपोर्ट एका वेळेला बंद, डिझेलचा साठा दुसऱ्या वेळेचा, विहिरीची खोली तिसऱ्या वेळेची, असं झालं की महिनाअखेरीस बेरीज जुळवताना डोक्याला ताप. मध्यरात्र ते सहा हे सहा तास आज अपडेटमध्ये दिसतात आणि उद्याच्या मुख्य रिपोर्टमध्ये पुन्हा येतात, म्हणून अपडेटचे तास बेरजेत धरायचे नाहीत. नवीन मुलं हमखास धरतात. एकाने एका दिवसाचे तीस तास करून दाखवले होते.

आता दुसरा भाग.

२०१९ ची अनंत चतुर्दशी, १२ सप्टेंबर, गुरुवार. आमची विहीर ओमानमध्ये, वाळवंटातली जमिनीवरची रिग. ओमानची वेळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, म्हणजे रिगवरचे रात्रीचे बारा वाजतात तेव्हा पुण्यात दीड. माझी ड्युटी रात्री एकपासून. घर सदाशिव पेठेत. त्या रात्री पेठेतून गाडी काढायची सोय नसते हे पुणेकराला सांगायला नको, म्हणून स्कूटर संध्याकाळीच एरंडवण्यात मामेबहिणीच्या पार्किंगमध्ये लावून आलो होतो. अकराला घरातून निघालो, अलका चौक टाळून नवी पेठेतून म्हात्रे पुलावरून चालत गेलो. पाऊण वाजता ऑफिसात हजर. हे एवढं सांगतोय कारण नंतर कुणीतरी म्हणालं की मी त्या दिवशी उशिरा आलो. नव्हतो आलो.

सव्वाबारा इंच रुंदीचं होल खोदणं चालू होतं, आणि सेक्शन, म्हणजे विहिरीचा तेवढा टप्पा, संपायला अजून एक दिवस आहे असा सगळ्यांचा हिशेब. पण जिऑलॉजिस्टला हवा तो थर वरच लागला. रिगवरच्या पहाटे सव्वातीनला, पुण्याच्या पावणेपाचला, ड्रिलिंग थांबलं. टीडी, म्हणजे त्या टप्प्याची शेवटची खोली. आता होल साफ करायचं, स्ट्रिंग (ड्रिलिंगचे जोडलेले पाइप) बाहेर काढायची, बीओपीचे (विहिरीचं तोंड बंद करणाऱ्या सुरक्षा यंत्राचे) रॅम, म्हणजे जबडे, बदलायचे आणि नाइन फाइव्ह-एट केसिंग (९ ५/८ इंची, होलला आतून आधार देणारे पोलादी पाइप) सोडायची. म्हणजे केसिंग क्रू एक दिवस आधी लागणार.

मी अपडेटमध्ये हे नीट लिहिलं. पुढच्या २४ तासांच्या कामात 'केसिंग रन' लिहिलं. पुण्याच्या सात बावन्नला मेल पाठवला, आठच्या मुदतीत. यादीत एकसष्ट नावं होती. मस्कतमधले, ह्यूस्टनमधले, ज्यांचा त्या विहिरीशी संबंध सहा महिन्यांपूर्वी संपला होता असेही. फक्त केसिंग क्रू पाठवणारा कोऑर्डिनेटर नव्हता.

तो आधी होता. महिन्याच्या एक तारखेला आमच्या साहेबांनी यादीची साफसफाई केली आणि बाहेरच्या कंपन्यांची नावं उडवली. कारण चुकीचं नव्हतं. पूर्ण रिपोर्टमध्ये रोजचा खर्च असतो, खोली असते, थरांची माहिती असते. सर्व्हिस कंपनीच्या माणसाला ते सगळं रोज फुकट का द्यायचं? पण नाव काढलं त्याच्या जागी दुसरं काही ठेवलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्याचं नाव गेलेलं मी पाहिलं होतं. बोललो नाही. साहेबांनी केलंय, विचार करूनच केलं असेल, असं वाटलं.

त्यात दुसरा दिवस शुक्रवार. ओमानमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी. यादीतल्या एकसष्टपैकी बहुतेकांनी तो मेल रविवारी उघडला असणार. रिगवरच्या रात्रीच्या कंपनी मॅनला (ऑपरेटरच्या रिगवरच्या माणसाला) वाटलं रिपोर्टमध्ये आलंय म्हणजे बेसला, जिथून क्रू आणि सामान निघतं तिथे, कळलं. दिवसाच्या कंपनी मॅनला वाटलं रात्रीच्याने फोन केला असेल. दुपारी चारला त्याने विचारलं, "केसिंग क्रू कुठपर्यंत आलाय?" क्रू आपापल्या खोल्यांत झोपला होता. बेस ते रिग तीन तासांचा रस्ता, पण अंधार पडल्यावर वाळवंटात गाडी चालवायला आमच्या प्रोजेक्टवर मनाई. दुपारी दोनपर्यंत कुणी एक फोन केला असता तरी क्रू उजेडात पोचला असता. सगळी तयारी संध्याकाळी साडेसातला झाली आणि क्रू आला दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला. साडेतेरा तास उघडं होल आणि रिकामी रिग.

मग खरा तमाशा सुरू झाला: या साडेतेरा तासांना कोड कोणता द्यायचा, म्हणजे वेळ कशात आणि कोणामुळे गेला असं लिहायचं? तुम्ही नवीन आहात म्हणून सांगतो, डेली रिपोर्ट ही डायरी नाही, ते बिल आहे. रिग चालू असेल तर पूर्ण भाडं, थांबली असेल तर कमी, रिगचंच काही मोडलं असेल तर ठरावीक तासांनंतर शून्य. अर्ध्या अर्ध्या तासासाठी टूलपुशर (रिग कंपनीचा रिगवरचा प्रमुख) आणि कंपनी मॅन भांडतात ते उगाच नाही. मी लिहिलं, 'केसिंग क्रूची वाट, कळवले गेले नाही'. साहेब म्हणाले, "'कळवले गेले नाही' काढ. सर्व्हिस कंपनीची वाट, एवढंच ठेव." म्हणजे उशीर त्यांच्या नावावर. मी म्हटलं, त्यांना कळवलंच नव्हतं. साहेब म्हणाले, "मेल गेला होता ना? मग आपलं काम झालं."

या वाक्याशी माझं भांडण आहे. तेव्हाही होतं, आजही आहे.

मेल जाणं म्हणजे निरोप पोचणं नव्हे. १९८८ मध्ये ६ जुलैला उत्तर समुद्रात पायपर अल्फा प्लॅटफॉर्मवर एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढला होता. परमिटवर तसं लिहिलं होतं. पण रात्रपाळीच्या माणसांपर्यंत ते आलं नाही आणि त्यांनी तोच पंप सुरू केला. १६७ माणसं गेली. कागद होता, भरलेला होता. मी हे साहेबांना ऐकवलं तेव्हा ते म्हणाले, "कुठली गोष्ट कुठे लावतोस!" बरोबर आहे, आमच्याकडे फक्त पैसे गेले. पण खोट तीच.

तेव्हा तुमच्यासाठी. पूर्ण रिपोर्टची यादी छोटी ठेवा, साहेब लोकांना राग आला तरी. 'मला पण सीसीत घाला' म्हणणाऱ्याला विचारा, वाचून तुम्ही करणार काय? त्याच वेळी दुसरा एक मेसेज काढा, तीन ओळींचा, खर्च नाही, भूगर्भ नाही: आत्ता काय चाललंय, पुढच्या २४ तासांत काय, कोण किती वाजता रिगवर हवं. तो केसिंगवाल्याला, सिमेंटवाल्याला, ट्रकवाल्याला, बेसच्या स्टोअरला. आणि ठरलेला क्रम बदलला तर मेल नंतर, फोन आधी. पहाटे सव्वातीन असले तरी. तिकडून शिवी बसेल, बसू द्या. मी पावणेपाचला फोन केला असता तर हे उत्तर लिहायची वेळ आली नसती.

मुदतीबद्दल एकच: मुदत घड्याळावरून ठरवू नका, सकाळची मीटिंग कधी असते त्यावरून ठरवा. आमची सातला असायची, तिथल्या. साडेसहाला रिपोर्ट हातात नसेल तर लोक कालच्या आकड्यांवर आजचे निर्णय घेतात.

हे सगळं जमिनीवरच्या रिगचं. समुद्रातल्या रिगवर हेलिकॉप्टर आणि सप्लाय बोटीचं वेळापत्रक मध्ये येतं, तिथे तीन तासांत कुणी गाडी काढून येत नाही, त्यामुळे तीन ओळींचा मेसेज आदल्या संध्याकाळीच हवा. तिथे मी काम केलेलं नाही, तिथल्या माणसाला विचारा. आणि तुमच्या ऑपरेटरचा गोपनीयतेचा नियम कडक असेल तर बाहेरच्या लोकांना स्वतः मेसेज पाठवण्याआधी लेखी परवानगी घ्या, नाहीतर माझं ऐकून नोकरी जायची.

शेवटी रिपोर्ट साहेबांच्या कोडनेच गेला. सर्व्हिस कंपनीने आपला फोनचा रेकॉर्ड काढून दाखवला, दोन महिने पत्रव्यवहार चालला, आणि तो साडेतेरा तासांचा कोड गुपचूप बदलून आला. मला कुणी सांगितलं नाही, जुनी फाइल उघडल्यावर दिसलं. साहेब अजून बाणेरलाच राहतात, दिवाळीच्या आसपास मिठाईच्या दुकानात भेटतात, घरी या म्हणतात. वाचत असाल तर सर, हो, मेल गेला होता. सात बावन्नला.