वापरलेली बीएमडब्ल्यू झेड४ : एसड्राइव्ह२०आय घ्यावी की एम४०आय?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : आपण खारघरला राहता, कार्यालय ठाण्यात वागळे इस्टेटला आहे, घरात रोजच्या वापरासाठी दुसरी गाडी आहे आणि २०१९ च्या दोन झेड४ (बीएमडब्ल्यूची दोन आसनांची, उघडत्या छपराची गाडी) आपण पाहून आला आहात. पहिली एसड्राइव्ह२०आय, एमएच-४३ म्हणजे नवी मुंबई पासिंगची, एकाच मालकाची आणि सर्व्हिसच्या संपूर्ण नोंदी असलेली. दुसरी एम४०आय, हरियाणा पासिंगची, कंपनीच्या नावावरची, अर्धवट नोंदींची आणि पहिलीपेक्षा बरीच महाग. ठाणे-बेलापूर रस्त्यावर एम४०आयच्या ३४० अश्वशक्तीचा उपयोग तरी काय, असे आपण विचारले आहे.

मी ठाण्यात राहतो आणि माझ्याकडे एम४०आय आहे. नेरुळला राहणाऱ्या माझ्या मेहुण्यांकडे २०आय आहे आणि आम्ही गाड्या अदलाबदल करून चालवत असल्यामुळे दोन्हींचा मला चांगला परिचय आहे. दोन्ही गाड्या सारख्याच स्थितीत असत्या, तर मी आपल्याला निःशंकपणे एम४०आय घ्यायला सांगितले असते. परंतु आपल्यासमोरच्या दोन गाड्या सारख्या स्थितीत नाहीत, त्यामुळे आधी या दोन प्रकारांत खरा फरक कोणता आहे ते सांगतो आणि मग आपल्या विशिष्ट निवडीकडे येतो.

कागदावरचा फरक सर्वांना ठाऊक असतो. २०आयमध्ये दोन लिटरचे चार सिलिंडरांचे टर्बो इंजिन आहे, त्याची शक्ती १९७ अश्वशक्ती आणि टॉर्क, म्हणजे गाडी ओढण्याचा जोर, ३२० न्यूटन मीटर. एम४०आयमध्ये तीन लिटरचे, सरळ रांगेतील सहा सिलिंडरांचे टर्बो इंजिन आहे, शक्ती ३४० अश्वशक्ती आणि टॉर्क ५०० न्यूटन मीटर. शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला पहिलीला ६.६ सेकंद लागतात, दुसरीला ४.५. गिअरबॉक्स दोन्हींत झेडएफ कंपनीचा आठ गतींचा ऑटोमॅटिक आहे. आपल्या रस्त्यांवर ही दोन सेकंदांची तफावत जवळपास निरुपयोगी आहे, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. अटल सेतूवर कारसाठी वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे, समृद्धी महामार्गावर १२०, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या घाटात ६०, आणि कॅमेरे आता सर्वत्र आहेत. ती मर्यादा २०आयही सहज गाठते.

मात्र माझ्या अनुभवात एम४०आयचे मोल वेगात नसून संथ चालण्यात कळते. तिचा संपूर्ण टॉर्क मिनिटाला सुमारे १६०० फेऱ्यांपासूनच उपलब्ध होतो, त्यामुळे रबाळे-महापेच्या सिग्नलवरून ट्रकांच्या मधून निघताना ॲक्सिलरेटरवर पाय जेमतेम टेकवला तरी गाडी शांतपणे, गिअरबॉक्सची कोणतीही घाई न जाणवता पुढे सरकते. सरळ रांगेतील सहा सिलिंडरांची रचना मुळातच संतुलित असते, तिच्यातील कंपने एकमेकांना रद्द करतात. ती मुलायमता छप्पर उघडे असताना ताशी चाळीसच्या वेगालाही ऐकू येते आणि हातांना जाणवते. २०आयचे इंजिन वाईट मुळीच नाही, उलट ते याच कुटुंबातील आहे, प्रत्येक सिलिंडरला सुमारे ५०० घनसेंटिमीटर हे सूत्र दोन्हींत समान आहे, आणि नाक हलके असल्यामुळे घाटातील वळणांवर ती गाडी अधिक चपळ वाटते. माळशेजला जाताना मेहुण्यांची गाडी चालवायला मला मनापासून आवडते. परंतु तिचा आवाज त्याच इंजिनाच्या साध्या सेडानसारखा आहे, आणि दोनच आसनांची, डिकीत मोजकेच सामान मावणारी गाडी माणूस ज्या आनंदासाठी घेतो त्यात आवाजाचा वाटा मोठा असतो.

दुसरा फरक सस्पेन्शनचा, आणि ठाण्याच्या संदर्भात मी त्याला इंजिनाहूनही अधिक महत्त्व देतो. एम४०आयला इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे डँपर (शॉक ॲब्झॉर्बर), अधिक ताकदीचे एम स्पोर्ट ब्रेक आणि मागच्या दोन चाकांत ताकद वाटून देणारे एम स्पोर्ट डिफरेन्शियल मुळातच मिळतात. कम्फर्ट मोडमध्ये हे डँपर घोडबंदर रस्त्याचे उखडलेले थर आणि काँक्रीटचे सांधे बऱ्याच अंशी पचवतात, तर मेहुण्यांच्या गाडीचे साधे डँपर तेच सांधे थेट पाठीपर्यंत पोहोचवतात. स्पोर्टी प्रकार म्हणजे अधिक कडक गाडी असा जो सर्वसाधारण समज आहे, तो येथे नेमका उलटा ठरतो. आपण पाहिलेल्या गाडीत मुळात काय काय बसवून आले होते हे जाहिरातीवर विसंबून ठरवू नका. चॅसी नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटर ती यादी काढून देऊ शकते.

आता खर्चाकडे वळतो. नवी असताना २०१९ मध्ये २०आयची एक्स-शोरूम किंमत ६४.९० लाख रुपये होती आणि एम४०आयची ७८.९० लाख. पुढे २०२३ मध्ये झेड४ नव्या रूपात भारतात आली ती केवळ एम४०आय म्हणून, ८९.३० लाखांना. त्यामुळे पुनर्विक्रीच्या बाजारात एम४०आयला विचारणा अधिक राहते, असे मला दिसते. थर्ड पार्टी विम्याचा हप्ता दोन्हींना सारखाच, कारण १५०० घनसेंटिमीटरच्या वर एकच गट आहे. २०२२ च्या अधिसूचनेनुसार तो ७,८९७ रुपये होता. छप्पर, काचा, दिवे, पॅनेल यांचा खर्चही जवळपास समान, कारण दोन्ही गाड्या ऑस्ट्रियातील ग्राझमधील एकाच कारखान्यातून पूर्ण बांधून आलेल्या आहेत. फरक पडतो तो इंजिन, ब्रेक आणि डँपर यांच्या बाबतीत : एम४०आयला सुमारे साडेसहा लिटर ऑइल लागते, २०आयला सव्वापाच, स्पार्क प्लग चारऐवजी सहा, ब्रेकच्या डिस्क मोठ्या, आणि इलेक्ट्रॉनिक डँपर गळू लागले तर त्याचे बिल साध्या डँपरच्या कितीतरी पट. पेट्रोलही तिला अधिक लागते, परंतु सुट्टीच्या दिवशी चालणाऱ्या गाडीत मी त्या फरकाला निर्णायक मानत नाही.

आपल्या एम४०आयच्या बाबतीत खरी अडचण हरियाणा पासिंगची आहे. महाराष्ट्रात आयात केलेल्या गाडीवर एकरकमी रोड टॅक्सचा दर २० टक्के आहे. परराज्यातील गाडी येथे आणल्यावर तिच्या वयानुसार तो कमी होतो, तरीही या किमतीच्या गाडीवर ती रक्कम लहान नसते. मूळ राज्यातून भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण त्यासाठी अर्ज, पाठपुरावा आणि संयम तीनही लागतात. गाडी कंपनीच्या नावावर असल्यामुळे विक्रीचा ठराव आणि स्वाक्षरीचा अधिकार असलेल्या व्यक्तीची कागदपत्रे हवीत, गाडीवर कर्ज असल्यास ते उतरवणारा, बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ हवा, हरियाणाच्या नोंदणी कार्यालयाचे फॉर्म २८ वरील ना हरकत प्रमाणपत्र हवे, आणि मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ व ३० हवेत. ‘तशीच चालवा, कोणी विचारत नाही’ असे विक्रेत्याने सांगितल्यास ते ऐकू नका. मोटार वाहन कायद्यानुसार बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या गाडीला तेथील नवा क्रमांक घ्यावाच लागतो. ना हरकत प्रमाणपत्र विक्रेत्याने काढून हातात देईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये, आणि कराची रक्कम पनवेलच्या आरटीओतून आधी समजून घेऊन ती एम४०आयच्या किमतीत मिळवावी. ती मिळवल्यानंतर दोन गाड्यांमध्ये जे अंतर उरेल, तेच खरे अंतर.

अर्धवट नोंदींची मला त्याहून अधिक काळजी वाटते. एम४०आयचे इंजिन अतिशय भक्कम आहे, आणि नेमक्या याच कारणाने ट्यूनिंग करणाऱ्यांचे ते आवडते आहे. केवळ संगणकीय बदल करून त्याची शक्ती बरीच वाढवता येते, आणि विक्रीपूर्वी मूळ सॉफ्टवेअर परत टाकले जाते. म्हणून गाडी उचलून एक्झॉस्टचा डाऊनपाइप (टर्बोलगतची नळी) मूळ आहे का, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर आहे का, नळ्यांच्या क्लॅम्पवर पान्याच्या खुणा आहेत का, हे पाहायला लावा. कंपनीच्या निदान-यंत्रणेवर गाडी जोडून साठवलेले दोष आणि निरनिराळ्या कंट्रोल युनिटमधील किलोमीटरचे आकडे ओडोमीटरशी जुळवून घ्या. कूलंटची पातळी, ऑइल फिल्टरच्या हाऊसिंगजवळचा ओलसरपणा आणि थंड इंजिन सुरू होतानाचा आवाज हे तिन्ही दोन्ही गाड्यांत तपासायचे आहे, म्हणून गाडी आधीच गरम करून ठेवू नका असे विक्रेत्याला कळवूनच जा.

छप्पर कापडी आहे. ते सुमारे दहा सेकंदांत, ताशी ५० किलोमीटरपर्यंतच्या वेगात उघडते, त्यामुळे अटल सेतूवर उघड्या छपराने जायचे असेल तर पुलावर चढण्यापूर्वीच ते उघडून घ्यावे लागते. तपासताना ते अनेकदा उघडून मिटून पाहा, घडीच्या जागी कापड घासले आहे का पाहा, आणि पाणी वाहून नेणारे मार्ग मोकळे आहेत का ते पाइपने पाणी सोडून पाहा. कोकणपट्टीच्या पावसात ओले छप्पर घडी घालून ठेवण्याची सवय असलेल्या मालकाच्या गाडीत बुरशीचा वास हमखास येतो. पुराच्या पाण्यात गाडी गेली होती का, हे सीटबेल्ट टोकापर्यंत ओढल्यावर दिसणाऱ्या डागांवरून, आसनांखालील रुळांच्या गंजावरून आणि डिकीतील बॅटरीच्या कप्प्यावरून बहुधा कळते. अलॉय चाके फिरवून वाकली आहेत का हेही पाहायला हवे, कारण कमी उंचीच्या साइडवॉलच्या (टायरच्या बाजूच्या) टायरवर खड्ड्याचा मार थेट रिमला बसतो. विमा कोणत्याही गाडीचा घ्या, त्यात इंजिन संरक्षणाचे कलम असू द्या. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली साचलेल्या पाण्यात ही बुटकी गाडी घातली आणि इंजिनात पाणी ओढले गेले, तर साधी पॉलिसी ते नुकसान भरून देत नाही. गाडी बुटकी असल्यामुळे आपल्या सोसायटीत यांत्रिक पार्किंग असेल, तर त्याच्या चढावर तिचा पुढचा भाग घासतो का, हे व्यवहारापूर्वी प्रत्यक्ष नेऊन पाहणे आवश्यक आहे.

आपल्यासमोरच्या दोन गाड्यांपुरते बोलायचे तर, आज या क्षणी मी त्या एम४०आयला टोकन देणार नाही. विक्रेता निदान-तपासणीला आणि चॅसी नंबरवरून सर्व्हिसच्या नोंदी काढायला राजी झाला, गाडी मूळ स्थितीत निघाली आणि कर मिळवूनही ती आपल्या आवाक्यात राहिली, तर तीच घ्या आणि सुरुवातीलाच इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल बदलून गिअरबॉक्सच्या ऑइलचेही नियोजन करा. झेडएफ स्वतः ते ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान बदलायला सांगते. तो तपासणीला तयार नसेल, तर एमएच-४३ ची २०आय घ्या किंवा महाराष्ट्र पासिंगच्या एखाद्या एम४०आयसाठी थोडे थांबा. एम४०आय २०१९ नंतरही नवी विकली गेली असल्याने त्यानंतरच्या गाड्याही बाजारात येत राहतात. २०आय घेतलीत, तर टायरच्या साइडवॉलवरचा उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष पाहून जुन्या टायरचे पैसे किमतीतून वजा करून मागा, कारण कमी चाललेल्या गाडीचे टायर झिजण्याआधीच कडक होतात आणि पावसात त्यांची पकड राहत नाही.